बागेचे वय

दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो त्या सुमारास निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग साधारण वीस ते पस्तीस दिवसांची असते. वेल पंधरा वर्षांची असली तरी बाग पंचवीस दिवसांचीच. बागायतदार तिचे वय लागवडीपासून मोजत नाही, ऑक्टोबरच्या छाटणीपासून मोजतो. दोन बागायतदार बाजारात भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात, "किती दिवसांची झाली?" मी तीस वर्षे वनस्पतिरोगशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर नाशिकलाच राहिलो. मला फोन येतो तोही असाच सुरू होतो: "सर, बाग अठ्ठावीस दिवसांची आहे, आणि रात्रीपासून झिमझिम चालू आहे." या वाक्यात रोगशास्त्राचे एक अख्खे प्रकरण आले. वय आणि ओल या दोन गोष्टी कळल्या की पुढच्या आठवड्यात काय होणार याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

द्राक्षबागेच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. 'अवकाळीने द्राक्षे झोपवली', 'बागायतदार हवालदिल'. त्यातला 'अवकाळी' हा शब्द मला फार दिवस खटकत आला आहे. पाऊस अवकाळी म्हणायचा तर कोणाच्या काळाच्या हिशेबाने? रोगाच्या हिशेबाने तर तो अगदी वेळेवर आलेला असतो. आणि ही वेळ जुळवून देण्यात आपल्या कात्रीचाही हात असतो. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, पण ते समजण्यासाठी आधी ही वेल आपल्याकडे जगते कशी ते पाहायला हवे.

द्राक्ष मुळात थंडीच्या मुलखातले पीक. युरोपात हिवाळा आला की वेल पाने टाकते, झोपी जाते आणि वसंतात फुटते. तिचा ऋतू थंडीच ठरवते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. तिला तिच्या मर्जीवर सोडले तर ती वाढत राहील, पण भरवशाचे पीक देणार नाही. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधली खरड छाटणी वेलीला नव्याने फुटायला लावते. त्या नव्या काडीतल्या डोळ्यांत मे-जूनच्या उन्हात सूक्ष्म घड तयार होतात, डोळ्याला दिसत नाहीत इतके लहान. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत काडी अशा बेताने कापतात की नेमका तो घड असलेला डोळा फुटावा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. (हे रसायन इतके वाईट की ते हाताळणाऱ्या माणसाने त्या दिवसांत दारू घेतली तर विषबाधा होते. बाटलीवर तसे लिहिलेले असते, पण ते वाचून दाखवायला शेतात कोणी नसते.) युरोपात निसर्ग करतो ते काम इथे कात्री करते. इथला द्राक्षाचा ऋतू हा माणसाने पाडलेला ऋतू आहे.

आता रोगाकडे वळू. पुस्तकात त्याचे नाव केवडा. इतक्या वाईट रोगाला इतके सुवासिक नाव का मिळाले असेल, असे दर वेळी मनात येते. शिवारात मात्र सगळे त्याला डाऊनीच म्हणतात. प्लास्मोपारा व्हिटिकोला हा त्याचा कर्ता. याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण जीवशास्त्राच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या कुळाला जवळचा. हा भेद फक्त परीक्षेपुरता नाही. तो शेवाळाकडचा आहे म्हणूनच त्याला पाणी लागते, आणि तेही पोहायला. त्याच्या बीजाणुधानीतून बाहेर पडणाऱ्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात. पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून ते पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात, तिथे शेपट्या टाकून देतात आणि रंध्रातून आत एक नळी घालतात. रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे फवारा वरून कितीही झाला तरी उपयोग मर्यादित. थर थोडा जाड असो वा पातळ, त्याला फरक पडत नाही. पान दोन-तीन तास ओले राहिले की त्याचे काम होते.

पुढचे चार ते दहा दिवस बाहेर काहीच दिसत नाही. मग पानावर तेलाचा थेंब पडावा तसा पिवळसर डाग उमटतो, आणि रात्री हवा दमट असेल तर सकाळी त्या डागाच्या खाली पांढरी लव दिसते. ही लव अंधारातच येते आणि तिला जवळजवळ संपृक्त हवा लागते. म्हणून जाणता बागायतदार पहाटे बागेत जातो आणि पान उलटून पाहतो. दहा वाजता जाणाऱ्याला तेच पान निरोगी वाटू शकते.

युरोपात या रोगाबद्दल एक जुना आडाखा आहे, तीन दहांचा: तापमान दहा अंशांवर, कोंब दहा सेंटिमीटरचा, आणि एका-दोन दिवसांत दहा मिलिमीटर पाऊस. तिघे जमले की पहिली लागण. तिथे तापमानाची अट फार महत्त्वाची, कारण वसंतात थंडी रेंगाळते. आपल्याकडे ही अट वर्षभर पूर्ण झालेलीच असते. कोंबाची अट आपण कात्रीने पूर्ण करतो. उरला पाऊस.

इथे बागेचे वय कामाला येते. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत डोळे फुटू लागतात, पोंगा दिसतो. पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा येतो. या सगळ्या काळात पान कोवळे आणि घडही कोवळा. घडाच्या देठावर, फुलाच्या कळीवर, नुकत्या धरलेल्या मण्यावरही रंध्रे असतात आणि तिथूनही रोग शिरतो. पानाला लागला तर पान जाते, घडाला लागला तर वर्ष जाते. मणी मोठा होऊ लागला की त्याच्यावरची रंध्रे बुजत जातात, आणि फुलोऱ्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मणी या रोगाला बराचसा दाद देईनासा होतो. म्हणजे बाग दहा दिवसांची असल्यापासून साधारण साठ-सत्तर दिवसांची होईपर्यंत धोक्याचा काळ. ऑक्टोबरच्या 10 तारखेची छाटणी धरली तर 20 ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पंचांगात चित्रा, स्वाती आणि पुढची नक्षत्रे. जुन्या शेतकऱ्याच्या हिशेबात पाऊस हस्तापर्यंत. त्याच्या पुढचा पाऊस हिशेबात धरायचा नसे. छाटणीची तारीख या समजुतीवर बसवलेली आहे.

समजूत चुकीची नव्हती, पण ती सैल झाली आहे. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून परत फिरण्याची तारीख 1 सप्टेंबर होती, ती 17 सप्टेंबर झाली. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीखही सप्टेंबरअखेरीवरून 8 ऑक्टोबरवर आली. कागदावर हा आठवडा-पंधरवड्याचा फरक. द्राक्षबागेत याचा अर्थ असा की पोंगा फुटतो तेव्हा जमीन अजून ओली, हवा दमट आणि मागच्या वर्षीच्या गळलेल्या पानांत दडलेले रोगाचे बीज जागे.

शिवाय अरबी समुद्र आहे. त्यात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा हंगाम बरोबर आपल्या बागेच्या बाळपणात येतो. 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' कोकण किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावरच्या बोटींची आणि माणसांची बातमी झाली ते योग्यच, पण घाटावर त्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागा डाऊनीने काळ्या केल्या. त्या हंगामाची आठवण आजही बागायतदार सनावळीने काढत नाहीत, 'फयानच्या साली' असे म्हणतात. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर 'क्यार' आणि लागोपाठ 'महा' अशी दोन वादळे समुद्रात होती. दोन्ही किनाऱ्यापासून दूर, पण नाशिकवर ढग आणि पाऊस दिवसेंदिवस बसून राहिले. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड परिसरात गारा पडल्या. गारेने मणी फुटतो ते दिसते. गारेच्या जखमांतून पुढे काय काय शिरते ते नंतर दिसते.

मग छाटणी उशिरा का करू नये? हा प्रश्न शहरातला माणूस हमखास विचारतो, आणि तो रास्त आहे. नोव्हेंबरात छाटली तर फुलोरा डिसेंबरच्या कडाक्यात येतो. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. त्या थंडीत डोळे नीट फुटत नाहीत, मण्यांची फुगवण थांबते. माल मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांच्या बरोबर बाजारात येतो आणि भाव पडतो. उलट बागलाण, कळवण, देवळा या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्येच गोडी छाटणी करणारे बागायतदार आहेत. त्यांना 'अर्ली'वाले म्हणतात. त्यांची द्राक्षे नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा बाजारात दुसरे कोणी नसते तेव्हा निघतात, आणि त्यांना भाव चांगला मिळतो. तो प्रदेश पर्जन्यछायेतला, पण म्हणून पावसाळा तिथे नसतो असे नाही. अर्लीवाला आपला धोक्याचा सगळा काळ जाणूनबुजून पावसाळ्यात नेऊन ठेवतो. कोरड्या हवेत कमी भावाची द्राक्षे, किंवा ओल्या हवेत चढ्या भावाची, अशी ही निवड आहे, आणि तिला मूर्खपणा म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. पण ती निवड आहे हे कोणी उघड बोलत नाही. सगळा दोष ढगावर जातो.

डाळिंबाने हा धडा याच मुलखाला आधी शिकवला होता. डाळिंबाला वर्षातून केव्हाही बहार धरता येतो: पाण्याचा ताण द्यायचा, पाने गाळायची आणि मग पाणी सोडायचे. मृग बहार धरला तर पाणी आकाशातून फुकट मिळते, म्हणून कोरडवाहू मुलखात तो सोयीचा. पण फळ पावसाळ्यात वाढते, आणि तेल्या नावाचा जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबाबरोबर एका फळावरून दुसऱ्यावर उडतो. झँथोमोनास कुळातला हा जिवाणू रंध्रांतून आणि जखमांतून शिरतो. फळावर तेलकट काळा डाग पडतो, मग फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षराच्या आकारात तडकते. या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूर, सांगोला, सटाणा, मालेगाव भागात त्याने बागाच्या बागा संपवल्या. ज्या भगव्या वाणाने लोकांनी माड्या बांधल्या, त्याचीच झाडे मुळासकट उपटून बांधावर जाळली गेली. एका झाडाच्या गुटी कलमांतून हजारो झाडे केलेली असतात, त्यामुळे एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना सारखाच लागतो. कलमाबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर तो गावोगाव फिरला. लोकांनी मग माणसाच्या क्षयावरचे जुने औषध, स्ट्रेप्टोमायसिन, बागांवर फवारले. त्याने रोग गेला नाही, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मात्र वाढले.

यातून शेवटी जे उपाय टिकले ते साधे आहेत: मृग सोडून हस्त किंवा आंबे बहार धरणे, बागेला दोन बहारांमध्ये तीन-चार महिने विश्रांती देणे, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवणे, रोगट फळे बागेबाहेर नेऊन जाळणे. यांतला पहिला उपाय सर्वांत प्रभावी आणि सर्वांत महाग, कारण आंबे बहाराला उन्हाळ्यात पाणी लागते. ज्याच्याकडे शेततळे आहे तो रोगापासून पळू शकतो. ज्याच्याकडे नाही त्याला पावसावरच बहार धरावा लागतो, म्हणजे तेल्यासोबतच राहावे लागते. रोगाचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले तर हे दिसते.

भाजीपाल्यात गोष्ट वेगळी नाही, फक्त गतीने घडते. पिंपळगावच्या बाजारात जाणारा खरिपाचा टोमॅटो पावसाळ्यातच वाढतो. त्याच्यावरच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा कर्ता, फायटॉप्थोरा, डाऊनीचा चुलतभाऊच. 1845 मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर येऊन दुष्काळ पाडणारा तोच. कांद्याच्या रोपवाटिका ऑक्टोबरात असतात. चार दिवस धुके पडले तर पातीवर करपा येतो आणि रोप पुन्हा टाकावे लागते. पण रोपाचे नुकसान एका महिन्याचे. द्राक्षाची वेल मांडवावर उभी, लोखंडी अँगल आणि तारा बँकेच्या कर्जातल्या. तिथे चुकलेले वर्ष पुढच्या वर्षावर चढते.

औषधाचे म्हणाल तर डाऊनीवरचे सर्वांत जुने औषध अजून चालते. 1878 च्या सुमारास हा रोग अमेरिकेतून फ्रान्सला पोचला, मुळांवरच्या एका किडीवर उपाय म्हणून मागवलेल्या अमेरिकी वेलींबरोबर. 1882 मध्ये बोर्डो शहराजवळच्या मेदोक भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने टिकून आहेत आणि आतल्या गळून गेल्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागवाल्याने कडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना यांचा किळसवाणा निळा राप दिला होता. 1885 मध्ये मिलार्देने त्याचे प्रमाण प्रसिद्ध केले. आज आपल्याकडे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी असे एक टक्क्याचे मिश्रण करतात, तेही प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडाच्या नव्हे. त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून बघतात. पात्यावर तांबूस राप चढला तर चुना कमी पडला. दीडशे वर्षांनीही तांब्याला हा रोग सरावलेला नाही, कारण तांबे त्याच्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. नंतर आलेली आंतरप्रवाही औषधे एकाच ठिकाणी नेमका घाव घालतात. त्यांतले मेटॅलॅक्झिल 1970 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत युरोपात त्याला न जुमानणारा रोग दिसू लागला. आपल्या शिवारातही तोच अनुभव. दुकानदार नवे नाव देतो, दोन हंगाम चालते, मग मात्रा वाढते.

मात्रा वाढवण्याला आता दुसरीकडून लगाम आहे. 2010 मध्ये युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. हे रोगावरचे औषधही नव्हे. एप्रिल छाटणीनंतर वाढ रोखून घडनिर्मिती वाढवण्यासाठी ते वापरत, आणि आपल्याकडे त्याला मनाई नव्हती. एप्रिलमध्ये वेलीला दिलेली गोष्ट पुढच्या मार्चच्या मण्यात निघाली, तेव्हा काय, केव्हा आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारायचे याची वही ठेवणे किती गरजेचे आहे ते सर्वांना कळले. डिसेंबरनंतर पाणी उतरणाऱ्या मण्यावर भुरी येते. तिचा स्वभाव डाऊनीच्या उलट: तिला पानावर साचलेले पाणी नको, उलट पाण्याने तिचे बीजाणू मरतात. ढगाळ कोरडी हवा आणि दाट पानोळा तिला पुरतो. त्या वेळी कडक औषधे हातातून गेलेली असतात, कारण अंश राहतील. मग गंधक, बॅसिलस, अँपेलोमायसेस यांवर भागवायचे.

हल्ली काही बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन दिसते. पान कोरडे राहते, डाऊनी जवळजवळ नाहीशी होते. पण त्याच छताखाली भुरी आणि फुलकिडे बळावतात. खर्च तर असा की मोठ्या बागायतदारालाही विचार करावा लागतो.

राहिला विमा. फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने ठरावीक तारखांच्या आत ठरावीक मिलिमीटर पाऊस नोंदवला तर भरपाई. मी या योजनेच्या विरोधात नाही. शेतात पंचनामा करायला येणाऱ्या माणसाच्या मर्जीपेक्षा यंत्र बरे. पण यंत्र मिलिमीटर मोजते आणि रोग ओल्या पानाचे तास मोजतो. दोन मिलिमीटर झिमझिम आणि पाठोपाठ रात्रभर दव यांत सगळा घड जाऊ शकतो, आणि केंद्राच्या कागदावर तो दिवस कोरडाच राहतो. पाने किती तास ओली होती हे मोजणारे संवेदक आता बाजारात आहेत, काही बागांमध्ये लागलेही आहेत. विम्याचा निकष त्यांवर बसवता येईल. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तोवर बागायतदाराच्या हातात उरते ती तारीख. ओझर भागातले एक परिचित आपली तीन एकर बाग एकाच वेळी छाटत नाहीत. दर एकराच्या मध्ये आठ-दहा दिवस ठेवतात, म्हणजे पाऊस कधीही आला तरी तिन्ही एकर एकाच वयाचे सापडत नाहीत. भाव मध्यम मिळतो, पण अजून एकही साल पूर्ण बुडालेले नाही. मी विचारले, सगळेच असे का करत नाहीत?

"सर, छाटणी आपण थोडीच ठरवतो," ते म्हणाले. "टोळी कधी येते त्यावर असतं."

छाटणीची आणि पेस्टची कामे करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडून येतात. त्यांचे स्वतःचे भात आणि नागली पावसावरची, आणि ती कापणीला येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. परतीचा पाऊस लांबला की तिकडची कापणी लांबते, टोळी उशिरा उतरते, आणि मग आठ दिवसांत जिल्ह्यातल्या सगळ्या बागा एकदम छाटल्या जातात. सगळ्या एकाच वयाच्या होतात. यंदा टोळी आली तेव्हा मुकादमाने त्यांना तीनऐवजी दोनच तारखा दिल्या आहेत.